मोकळी जागा आखायला शिकवताना

नागरी अवकाशाच्या, म्हणजे शहरातल्या रस्ते-चौकांसारख्या मोकळ्या जागांच्या, रचनेचा स्टुडिओ (आराखडे करून शिकण्याचा वर्ग) घेताना पहिली अडचण अशी येते की, चौकाचा आराखडा मागितला तरी विद्यार्थी हाताच्या सवयीने इमारतीच काढतात आणि मध्ये उरलेल्या जागेत झाडांची वर्तुळे टाकून मोकळे होतात. म्हणून पहिल्या आठवड्यात नवे काहीही काढू देऊ नये. परिसराचा १:१००० प्रमाणाचा नकाशा घेऊन त्यातील इमारती काळ्या करायला सांगाव्यात, आणि मग त्यावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद ठेवून उलट रस्ते, चौक व अंगणे काळी करून घ्यावीत. मोकळ्या जागेला स्वतःचा आकार आहे की ती नुसती उरलेली आहे, हे दुसऱ्या कागदावर लगेच दिसते. जिआंबातिस्ता नोल्ली यांचा १७४८ चा रोमचा नकाशा या वेळी समोर ठेवावा. त्यात चर्चच्या आतली जागाही रस्त्यासारखीच पांढरी सोडलेली असल्याने, सार्वजनिक जागा दारापाशी संपतेच असे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी करावी. दर तासाला दहा मिनिटे एका ठरावीक रेषेवरून जाणारी माणसे मोजून संख्येला सहाने गुणले, की ताशी वर्दळीचा कामापुरता अंदाज मिळतो. त्याहून बोलकी नोंद थांबलेल्या माणसांची असते. कोण बसले आहे, कोण टेकून उभे आहे, कोणाचे तोंड कुठे आहे, हे नकाशावर खुणांनी मांडावे. माझ्या एका तुकडीला दुपारी चौकातले चारही बाक उन्हात रिकामे दिसले आणि पाच माणसे दिव्याच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असलेली आढळली. सावली सरकली तशी ती रांगही सरकत गेली. त्या तुकडीला सावलीबद्दल मला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

आराखडा करताना प्लॅनपेक्षा (वरून दिसणाऱ्या नकाशापेक्षा) सेक्शनवर (जागेच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) अधिक वेळ द्यावा, कारण जागा प्रशस्त वाटते की कोंदट, हे तिच्या रुंदीचे भोवतीच्या उंचीशी असलेले नाते ठरवते आणि ते प्लॅनमध्ये दिसत नाही. प्रत्येक सेक्शनमध्ये एक उभे आणि एक बसलेले माणूस काढलेच पाहिजे. सुमारे १०० मीटरवरून माणूस ओळखू येतो न येतो, चेहऱ्यावरचे भाव मात्र २०-२५ मीटरच्या आतच वाचता येतात. हे अंतर मैदानात दोरी धरून अनुभवायला लावावे. आपण आखलेला ‘छोटासा’ चौक केवढा अवाढव्य आहे, हे पाहून विद्यार्थी बहुधा स्वतःहून तो निम्मा करतात. बाकाची उंची ४५ सेंटीमीटर, दोन व्हीलचेअर एकमेकींच्या शेजारून जाण्यासाठी १.८ मीटर रुंदी, रॅम्पचा उतार १:१२ (बारा मीटर लांबीला एक मीटर चढ) ही मापे तोंडपाठ असावीत. चौकाच्या कडांचे काम मात्र मापांवर भागत नाही. तळमजल्यावर दारे आणि खिडक्या नसतील, तर नुसत्या फरसबंदीने तिथे माणसे थांबत नाहीत.

प्रत्यक्ष कामात पक्के बांधकाम करण्याआधी खडू, रंग, कुंड्या आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या वापरून रचना काही आठवडे वापरून पाहावी. कोपनहेगनमधील स्त्रोएट हा रस्ताही १९६२ मध्ये आधी प्रयोग म्हणूनच मोटारींना बंद केला गेला आणि १९६४ मध्ये तो निर्णय कायम झाला. खुर्च्या बांधून ठेवू नयेत. संध्याकाळी त्या कुठे सरकवलेल्या सापडतात, ती नोंद आयतीच मिळते. याच काळात पाण्याचा उतार कुठे जातो, दिव्यांचे बिल कोण भरणार आणि झाडू कोण मारणार, हेही लेखी ठरवून घ्यावे, कारण चांगल्या आराखड्यांची माती बहुधा इथेच होते. काम पूर्ण झाल्यावर वर्षभराने त्याच रेषेवर, त्याच तासांना आणि त्याच खुणा वापरून मोजणी पुन्हा करावी, आणि जमल्यास ती पुढच्या तुकडीकडून करून घ्यावी, म्हणजे आपल्या आराखड्याची बाजू घ्यायला मोजणारा बांधील राहत नाही.