मातीचं जुनं धरण पावसाआधी कसं बघायचं

आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव (मातीचा बांध घालून पाणी जमिनीत मुरवायचे तलाव) १९७२ च्या दुष्काळी कामांवर झालेले, म्हणजे पन्नाशी उलटलेले, आणि २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या (काही अटींवर १० ते १५ मीटरच्या) धरणांना लागतो, त्यामुळे गावचा छोटा तलाव बघायला कुणी साहेब येईल म्हणून बसू नका, स्वतः जा. मे महिन्यात एकदा, आणि तलाव भरला की परत.

सगळे माथ्यावरून पाणी बघून, सेल्फी काढून घरी येतात. तुम्ही खालच्या अंगाने सुरू करा. पायथ्याला चप्पल काढून चाला, खरंच, ओल आधी पायाला कळते (जनावराकडे लक्ष असू द्या). ऐन उन्हाळ्यात एखाद्याच जागी हिरवंगार लव्हाळं दिसलं तर तिथे थांबा.

थोडं पाझरणं मातीच्या धरणाला नवीन नाही. फक्त ते पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि दहा मिनिटं ठेवा. नितळ राहिलं तर तारीख लिहून ठेवा, पुढच्या वेळी जास्त येतंय का बघायचं. तळाला माती बसली तर मात्र धरण आतून पोखरतंय, त्याच क्षणी पाटबंधारेवाल्यांना आणि तहसीलला फोन आणि खालच्या वस्तीला निरोप. त्या भोकात चिखल, सिमेंट कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, त्यासाठी वाळू नि त्यावर खडीचा थर देतात, पण तो इंजिनिअरला विचारूनच.

माथ्यावर आडवी भेग, म्हणजे पाण्याकडून खाली जाणारी, लांबीच्या भेगेपेक्षा वाईट. दोरी ताणली की कुठे खचलंय ते दिसतं. बाभळी रोप असतानाच उपटा, मोठ्या झाडाची मुळं कुजली की पाण्याला आयती नळी मिळते. घुशी-खेकड्यांची बिळं पण बघा.

सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) "अजून फूटभर साठेल" म्हणून दगड रचणारे प्रत्येक गावात असतात, ते आधी काढायला लावा. पाणी भरावावरून गेलं की मातीचं धरण टिकत नाही.

चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गळतीची तक्रार गावाने आधीच केलेली, नंतर खापर खेकड्यांवर. म्हणून फोटो, तारीख आणि लेखी अर्ज, आणि शिक्क्याची पोच घ्याच, आमची पहिली दोन वर्षं तोंडी सांगण्यातच गेली.