पॅनेलचा आकडा सगळ्यात शेवटी

सौर यंत्रणा बसवायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, पॅनेल किती लागतील?" मी आधी हातात वही देते. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत काय काय चालतं आणि किती तास, ते लिहा. डिझेलचा जनरेटर कायमचा हटवायचा असेल, तर सगळी भिस्त या रात्रीच्या हिशोबावर आहे.

समजा, ३० वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १० तास चालले, तर ९०० वॅट-तास झाले. दिवे २५०, राउटर १२०, फ्रिज ६००. बेरीज १,८७०. इन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीतून दोन युनिटांहून (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास) थोडं जास्त निघायला हवं. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.१२ युनिटांची असते. ती ८० टक्केच वापरायची धरली, तरी जवळजवळ दोन रात्री निघतात. एखादा दिवस आभाळ भरून आलं तरी अंधार होत नाही. लेड-ॲसिड बॅटरी घ्याल, तर निम्मीच वापरायची असं धरून चला.

आता इन्व्हर्टर. इथे फार लोक फसतात आणि मला खरंच वाईट वाटतं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की आपणहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरचा करंट लागू नये म्हणून ती सोय आहे. तुम्हाला हायब्रिड इन्व्हर्टरच हवा, म्हणजे लाइट गेल्यावरही पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवणारा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, तेवढी ताकद त्यात आहे ना, हे विचारून घ्या.

पॅनेल आता ठरवा. रात्रीची गरज, दिवसाचा वापर आणि वर थोडी शिल्लक. लावण्याआधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी छतावर जाऊन सावली कुठे पडते ते खडूने आखा. एका ठिकाणी टाकीच्या पाइपची मनगटाएवढी सावली पडायची आणि त्या पॅनेलची वीज तिसऱ्या हिश्श्याने घटायची. आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एक अडला की त्याची अख्खी ओळ बायपास होते, म्हणजे वगळली जाते. पाइप हलवला, काम झालं.

महिनाभराने यंत्रणा पूर्ण बंद करून माहीतगाराकडून बॅटरीचे नट टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) लावून तपासून घ्या. वायरचं टोक काळपट दिसलं, तर नट ढिला असू शकतो.