हवाप्रदूषण शिकवताना या चुका टाळा

दिल्लीच्या धुरक्याचे फोटो दाखवून तास सुरू केला, की जळगावची मुलं निर्धास्त होतात. दुखणं दुसऱ्याचं ठरतं. मी स्वतः बरीच वर्षं हीच चूक केली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या हवा सुधारायच्या शहरांच्या यादीत जळगावही आहे. म्हणून दिल्लीऐवजी वांग्याच्या भरतापासून सुरुवात करा. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजताना डोळे का चुरचुरतात, असं विचारलं की सगळा वर्ग बोलायला लागतो. मग सांगा, धूर दिसेनासा झाला तरी त्यातले बारीक कण हवेत तरंगतच असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हॅसलीन लावलेल्या पांढऱ्या कार्डावर हवेतली धूळ किती चिकटते, हे बघण्याच्या प्रयोगात. आमच्या सातवीच्या एका गटाचं महामार्गाकडचं कार्ड बऱ्यापैकी स्वच्छ निघालं आणि मैदानाकडचं मातीने माखलेलं. मुलं हिरमुसली. प्रयोग फसलेला नव्हता. मैदानाकडचं कार्ड गुडघाभर उंचीवर लावलेलं होतं आणि प्रार्थनेआधी तिथे कोरडाच झाडू फिरत होता. त्या दिवसापासून झाडण्याआधी पाणी शिंपडलं जातं.

म्हणून कार्डं एकाच उंचीवर, सारख्याच तासांसाठी लावा. एक कार्ड बंद डब्यात ठेवा, म्हणजे तुलना करता येते. एका चौरस सेंटिमीटरमधले ठिपके भिंगाने मोजायला लावा. मात्र त्यावरून ‘आज पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) इतका’ असं कधीच सांगू नका. भिंगाला दिसते ती जाड धूळ. पीएम २.५चे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात.

एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा आकडा म्हणजे मायक्रोग्रॅम, हाही नेहमीचा गैरसमज. आपल्याकडे पीएम २.५ची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर त्याचा निर्देशांक १०० येतो.

आरोग्याचं बोलताना फक्त खोकला आणि दमा सांगून थांबू नका. हे कण फुप्फुसात खोलवर जातात, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतात. वर्गात दमा असलेलं मूल असेल तर त्याला उदाहरण म्हणून उभं करू नका. सगळ्यांच्या नजरा वळल्या, की ते मूल इन्हेलर दप्तरात लपवायला लागतं.

आणि तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं शिकवू नका. रुमालाने पीएम २.५ अडत नाही. सायकलवर येणाऱ्या मुलांसोबत बसून महामार्ग टाळून गल्लीतून येणारा रस्ता कागदावर काढा.