पहिलाच मेल सर्व्हर? पोस्टफिक्स घ्या

मेल सर्व्हर पहिल्यांदाच उभा करत असाल, तर मेल पाठवण्या-स्वीकारण्यासाठी सरळ पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर घ्या आणि आलेले मेल वाचण्यासाठी जोडीला डव्हकॉट. पोस्टफिक्सचंच काम करणारं सेंडमेल जुनं आणि दमदार आहे, पण त्याची कॉन्फिग फाइल पाहून भलेभले गांगरतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. पोस्टफिक्सची मेन.सीएफ फाइल म्हणजे डावीकडे सेटिंगचं नाव, मध्ये बरोबरची खूण, उजवीकडे त्याचं मूल्य. आपण काय काय बदललंय ते आठवेना, तर 'पोस्टकॉन्फ -एन' ही कमांड द्या. फाइलमध्ये लिहिलेल्या तेवढ्याच सेटिंग समोर येतात. रात्री मेल अडकलेले असताना ही सोय फार मोलाची वाटते.

एक ओळ मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा: मायनेटवर्क्स, म्हणजे तुमच्या सर्व्हरमार्फत बाहेर मेल पाठवायची मुभा असलेल्या पत्त्यांची यादी. कुठूनतरी उतरवून तिथे ०.०.०.०/० (म्हणजे इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता) टाकलंत, तर स्पॅमवाले तुमच्याच सर्व्हरवरून मेल सोडतील आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जाईल.

सर्व्हर भाड्याने घेण्याआधी पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बाहेरच्या दिशेने उघडं मिळेल का आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लावता येईल का, हे विचारून घ्या. बरेच क्लाउडवाले ते पोर्ट बंद ठेवतात. मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे समोरच्याला तपासता यावं यासाठीच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या सोयी पहिला मेल पाठवायच्या आधीच लावा.