जीएफपी लावलेला रॅब५ म्यूटंट वापरताय? मग या चुका टाळा

रॅब५ म्हणजे एंडोसोमवर (पेशीने बाहेरून आत घेतलेला माल नेणाऱ्या पिशव्यांवर) बसणारं प्रोटीन, म्यूटंट म्हणजे त्याचं मुद्दाम बदललेलं रूप, आणि जीएफपी म्हणजे ते दिसावं म्हणून जोडलेलं हिरवं चमकणारं प्रोटीन. परवा रात्री दहाला पाषाणहून मैत्रिणीचा फोन, अगं माझा म्यूटंट एंडोसोमवर बसतच नाहीये, अख्खी पेशी नुसती हिरवीगार, हाच रिझल्ट म्हणून सरांना दाखवू का? म्हटलं थांब, आधी प्लाझमिडचा (जीन वाहून नेणाऱ्या गोल डीएनएचा) मॅप उघड. बघितलं तर जीएफपी रॅब५च्या सी टोकाला, म्हणजे प्रोटीनच्या शेवटाला (सुरुवातीचं ते एन टोक). अगं रॅब५ मेंब्रेनला धरून राहतं तेच मुळी शेवटच्या सिस्टीनना (एक अमिनो आम्ल) लागलेल्या लिपिडमुळे, त्याच टोकावर एवढा मोठा टॅग बसवला तर ते चिकटणार कशाने?

नावामुळे गोंधळ होतो हो. पीईजीएफपी-सी१ या प्लाझमिडमध्ये आपलं प्रोटीन जीएफपीच्या सी टोकाला जोडतात, म्हणजे टॅग येतो आपल्या प्रोटीनच्या एन टोकाला, आणि एन१ मध्ये बरोबर उलटं. रॅबसाठी सी१च घ्या.

दुसरी चूक कंट्रोलची, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते. क्यू७९एल हा रॅब५चा म्यूटंट म्हणजे ७९व्या जागी ग्लुटामिनऐवजी ल्युसिन, त्यामुळे रॅब५ला चालू ठेवणारा जीटीपी हा रेणू नीट तुटत नाही, रॅब५ चालूच राहतं आणि एंडोसोम फुगून गोल अंगठ्यांसारखे दिसतात. पण साधं रॅब५ सुद्धा पेशीत भरमसाट बनलं की एंडोसोम मोठे होतातच! म्हणून वाइल्ड टाइप (न बदललेलं रॅब५) आणि रिकामा जीएफपी वेक्टर (रॅब५ नसलेला प्लाझमिड) शेजारच्या वेलमध्ये हवेतच, आणि फोटो काढताना सगळ्यात चमकणाऱ्या पेशीकडे धावू नका, दोन्हीकडे सारख्याच मंद पेशी निवडा.

न्यूक्लियसमध्येही हिरवं दिसतंय? अँटी-जीएफपी अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे प्रोटीनचा आकार कळेल. बँड साधारण ५० केडीएला (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) हवा, २७ला जाड बँड आला तर ते तुटून सुटलेलं नुसतं जीएफपी आहे.

स्टॅब (प्लाझमिड असलेल्या जिवाणूंची आगरची नळी) आला की थेट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) टाकू नका, प्लेटवर स्ट्रीक करून एकच कॉलनी उचला. सवयीने अँपिसिलीनची प्लेट काढली जाते, सी१ला कॅनामायसिन लागतं, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि प्लाझमिड कायम धरून ठेवणाऱ्या पेशींची स्टेबल लाइन करायची तर जी४१८ हे अँटिबायोटिक. सिक्वेन्सिंग फक्त म्यूटेशनपुरतं नको, जीएफपीच्या जोडापासून स्टॉप कोडॉनपर्यंत पूर्ण वाचा, फ्रेम (तीन-तीन अक्षरांनी वाचायचा क्रम) तिथेच सरकते.

आणि पेशी फिक्स करताना मेथॅनॉल नको, त्याने जीएफपीची चमक जाते. ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइड), १५ मिनिटं, आणि प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.