नांदूरमध्यमेश्वरच्या काठावरील बांधकामाचा प्रस्ताव कसा तपासावा

निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील पाणथळ जागा, आहे. तिच्या आसपास रिसॉर्ट, प्लॉटिंग किंवा गोदामाचा प्रस्ताव आला की हरकतीला बहुधा पक्ष्यांची यादी जोडली जाते. यादी जरूर जोडावी; परंतु हरकत टिकते ती गट क्रमांकावर आणि पाण्याच्या रेषेवर, म्हणून सुरुवात तलाठी कार्यालयापासून करावी.

प्रस्तावित जागेचा सातबारा, फेरफार आणि गट नकाशा मिळवावा. सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना बारकाईने वाचावा, आणि जमीन पूर्वी जलाशयासाठी संपादित झाली होती का, याची जलसंपदा विभागाकडे खातरजमा करावी. पाणी ओसरल्यावर गाळपेरासाठी, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेण्यासाठी, दिलेली जमीन शासनाचीच असते; कसणाऱ्याला ती विकता येत नाही.

यानंतर प्रत्यक्ष पाहणी करावी, पण ती केवळ मे महिन्यात करू नये. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन साध्या पडीक शेतासारखी दिसते आणि प्रस्तावासोबतची छायाचित्रे नेमकी त्याच दिवसांतली असू शकतात. पूर ओसरल्यावर बाभळीच्या फांद्यांना आणि कुंपणाच्या तारांना वाळलेली जलपर्णी अडकून राहते. पाणी कुठवर चढले होते हे तीच दाखवते. तिची छायाचित्रे तारीख, स्थाननोंद आणि गट क्रमांकासह ठेवावीत, मुरमाचा ताजा भराव दिसल्यास त्याचीही घ्यावीत, आणि जलसंपदा विभागाच्या निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) व लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) पूररेषेच्या नकाशाशी ती ताडून पाहावीत.

कोणता कायदा लागू होतो, येथे सर्वाधिक गफलत होते. २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामास मनाई आहे, आणि हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. तथापि, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील क्षेत्रातील पाणथळीला ते नियम लागू होत नाहीत. नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य असल्यामुळे जागा त्याच्या हद्दीत आहे की बाहेर, हे वन्यजीव विभागाच्या नाशिक कार्यालयातून आधी लेखी मिळवावे. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना व नकाशा यांचीही मागणी त्याच अर्जात करावी. चुकीचे कलम लिहिलेली हरकत फेटाळणे कोणालाही सोपे जाते.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. मात्र इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असल्याने गावाला बोलावणे येईल या भरवशावर राहू नये आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या मंजुरी-अर्जांच्या पोर्टलवरील अर्ज स्वतःच पाहत राहावे. शेजारशेजारच्या गटांवर वेगवेगळ्या नावांनी छोटे प्रस्ताव आले असतील, तर त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ हरकतीत मांडावे.

हरकत दोन पानांत आटोपावी: गट क्रमांक, लागू कलम, पुरावा आणि मागणी. ती जिल्हाधिकारी, नियोजन प्राधिकरण आणि वन्यजीव विभाग यांच्याकडे देऊन पोच घ्यावी व ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात फाईलवरील अभिप्राय मागावेत. ती माहिती देण्यासाठी कार्यालयाला ३० दिवसांची मुदत असते. पर्यावरण मंजुरी दिली गेल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करण्यासाठीही ३० दिवसच मिळतात आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०. त्यामुळे मंजुरीपत्र केव्हा कळवले गेले, ती तारीख पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावी.