दोनशे पानी वही आणि डर्बीचा रविवार

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी परभणीजवळच्या एका शेतात आम्ही पाच जण जमतो. आगटीत गुळभेंडीची कणसं भाजत असतात, हातावर हुरडा चोळणं चालू असतं आणि मधे सतरंजीवर एक दोनशे पानी वही उघडी पडलेली असते. त्या दिवशी मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत असते. शेतमालक मित्राचे वडील दरवर्षी एकदा येऊन वहीत डोकावतात आणि म्हणतात, "घोडे तिकडं पळायलेत अन् घाम तुम्हाला इकडं सुटायलाय."

गेल्या वर्षी आणखी तीन पोरं आली. त्यांनी विचारलं, हे रेसचा घोडा निवडायचं शिकणं कुठून सुरू करायचं. तिथं हुरड्याच्या धांदलीत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय. मी कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. घोड्यावर बसायचं सोडा, टांग्याच्या घोड्यालाही लांबून वळसा घालणारा माणूस मी. तेव्हा घाबरू नका, घोड्याची जाण आधीपासून असावी लागते असं काही नाही.

मला ही सवय हैदराबादहून लागली. आपल्याकडच्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तिकडं असतंच. चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी वेळ होता, मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, चला मलकपेठला." सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, १८८६ साली रेस मौला अलीहून मलकपेठला आणली. म्हणजे आपला मुलूख त्यांच्या राज्यात होता तेव्हापासून तिथं घोडे पळतायत. नांदेडकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या काचीगुड्याला थांबतात आणि मलकपेठ स्टेशन तिथून पुढचंच. मुंबई-पुण्यापेक्षा नांदेडवाल्याला हे सोयीचं.

त्या पहिल्या दिवशी मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. रेसच्या पुस्तकात प्रत्येक घोड्यापुढे दोन आकडे असतात. एक घोड्याचा नंबर, जो त्याच्या पाठीवरच्या कापडावर दिसतो. दुसरा गेटचा नंबर, म्हणजे सुटताना तो कितव्या खणात उभा राहणार तो. मी मोठ्या तोऱ्यात खिडकीवर गेलो आणि म्हणालो, "सात नंबर, विन, दोनशे." सात हा माझ्या घोड्याचा गेट नंबर होता. तिकीट आलं भलत्याच घोड्याचं, तो शेवटून दुसरा आला. मेव्हण्याने तिकीट बघितलं आणि इतका हसला की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. माझा खरा घोडा तिसरा आला. म्हणजे विनचे (घोडा पहिला येण्यावरचे) पैसे तसेही गेलेच असते, पण प्लेसला, म्हणजे पहिल्या तिनांत येण्यावर लावले असते तर परत आले असते. एका तिकिटात दोन धडे. तिकीट हातात आलं की खिडकीसमोरच वाचायचं, हा त्यातला पहिला.

परत आल्यावर आम्ही वही सुरू केली. नियम साधा आहे. रेस सुटायच्या आधी प्रत्येकाने आपला घोडा, त्याचा भाव (जिंकला तर रुपयाला किती मिळणार ते) आणि 'का' हे लिहायचं. प्रत्येकाला डर्बीच्या दिवशी शंभर गुण, ते हवे तसे लावायचे. सगळ्यात कमी गुण उरतील त्याने पुढच्या वर्षीच्या हुरड्याचा खर्च करायचा: शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळं. शेतात पैसे लावत नाही. आपल्या राज्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे आणि त्यातून सूट मिळते ती रेसकोर्सवरच्या परवानाधारक पैजेला. फोनवर भाव देणाऱ्या बुकीकडे आमच्यातला एक गेला होता. हरला तेव्हा माणूस वसुलीला संध्याकाळी दारात, जिंकला तेव्हा फोन बंद. आता तो आमच्या वहीवर नसतो.

'का'चा रकाना हाच खरा अभ्यास. पहिल्या वर्षीची पानं काढली तर हसू येतं: "नाव छान आहे", "जॉकी चांगला", "कुणीतरी म्हणालं". हरल्यावर त्यातून काहीच शिकता येत नाही. पण "मागच्या वेळी १६०० मीटरला शेवटी दमला, आज २४०० आहे, तरी लावतोय" असं लिहिलं, तर संध्याकाळी आपली अक्कल नेमकी कुठे गेली होती ते कळतं.

आता वजनाकडे या, कारण नवे लोक तिथेच गडबडतात. आपल्याकडच्या रोजच्या बहुतेक रेस हँडिकॅप असतात. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो आणि त्यावरून वजन ठरतं. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. जास्त रेटिंगवाल्याने जास्त वजन वाहायचं, जॉकी आणि खोगीर मिळून कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालायच्या. पुस्तकात पहिल्या नंबरवर सगळ्यात जड घोडा असतो तो त्यामुळे. सगळ्यांना एका रेषेत आणून सोडायचं, असा सगळा बेत.

हे वहीत कसं उतरतं ते बघा. मागच्या महिन्यात १६०० मीटरला 'अ'ने ५७ किलो घेऊन 'ब'ला दोन लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) हरवलं. 'ब'वर ५४ होते. या अंतराला एक लांबी म्हणजे साधारण एक किलो असं आम्ही धरतो. ढोबळ आहे, पण चालतं. लहान अंतराला दीड धरावा. म्हणजे 'अ'ने तीन किलो जास्त घेऊन वर दोन किलोंची आघाडी मारली, तो पाच किलोंनी सरस. आता जिंकला म्हणून हँडिकॅपरने त्याचे आठ गुण वाढवले, म्हणजे चार किलो. 'ब' होता तिथंच. आजचा फरक सात किलो. पाचाची लायकी आणि सातांचं ओझं. कागदावर आज 'ब' दोन लांब्यांनी पुढं! पण मैदानावर सगळे 'अ'च्या मागे, कारण त्याला जिंकताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माझ्या वहीतली बरी पानं अशाच रेसची आहेत. अर्थात 'अ' अजून सुधारत असलेला तरणा घोडा असेल तर हा हिशेब तोंडावर आपटतो. तीन वर्षांचा घोडा महिन्याभरात केवढा बदलतो ते मला फार उशिरा कळलं.

आणि डर्बीला यातलं काहीच चालत नाही. डर्बी हँडिकॅप नाही. नर सगळे एका वजनावर, माद्यांना दीड किलो सूट, बस्स. अंतर २४०० मीटर, घोडे सगळे चार वर्षांचे. डिसेंबरात गिनीज नावाच्या शर्यती होतात तेव्हा हीच बॅच तीन वर्षांची असते. आपल्याकडे शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, त्यामुळे दोन महिन्यांत कागदावर एक वर्ष वाढतं. गिनीज १६०० मीटरच्या असतात आणि खरी मेख इथंच आहे. डिसेंबरात १६०० ला वाऱ्यासारखा गेलेला घोडा डर्बीला फेव्हरिट होतो, पण पुढचे ८०० मीटर त्याच्या अंगात आहेत का हे कुणी पाहिलेलंच नसतं. तेव्हा त्याच्या बापाची आणि आजोबाची (आईकडच्या) पोरं किती अंतराला जिंकली ते बघायचं. गिनीजमध्ये शेवटच्या २०० मीटरला कोण वेग धरत होता आणि कोण नुसता तग धरत होता, तेही. मी रेसचा व्हिडिओ फक्त शेवटच्या मिनिटाचा बघतो, आवाज बंद करून. समालोचक ज्याचं नाव घेतो त्याच्याकडेच डोळे जातात म्हणून.

तरी खात्री कसलीच नाही. १९७७ ची डर्बी जिंकलेला स्क्वाँडरर आयुष्यात १९ वेळा पळला आणि १८ वेळा जिंकला. एक तोही हरला!

आता भाव. आमच्यातले मेडिकलवाले भाऊ उत्तम घोडा निवडतात आणि तरी वहीत मागे असतात, कारण ते भाव बघतच नाहीत. चार घोड्यांची रेस समजा. भाव रुपयाला एक, रुपयाला दोन, रुपयाला चार आणि रुपयाला नऊ, म्हणजे जिंकला तर लावलेला रुपया परत आणि वर तेवढे रुपये. त्याचा अर्थ अनुक्रमे ५०, ३३, २० आणि १० टक्के शक्यता. बेरीज ११३. शंभराच्या वरचे तेरा हा दुकानदाराचा, म्हणजे बुकीचा नफा, आणि आमच्या कापडाच्या धंद्यात एवढा उघड नफा कुणी लावला तर गिऱ्हाईक परत येणार नाही. रुपयाला चारवाला घोडा पाचांतून एकदा जिंकेल असं वाटत असेल तर लावायला काहीच अर्थ नाही. चारांतून एकदा वाटत असेल तर लावा. म्हणून माझ्या पानावर आधी माझी टक्केवारी लिहिलेली असते, मग मैदानावरचा भाव. उलट क्रमाने लिहिलं की माझी टक्केवारी आपोआप भावाकडे सरकते, हे मी स्वतःला तीनदा पकडलंय.

मैदानावरच्या परवानाधारक बुकीचा भाव तुम्ही लावता त्या क्षणी पक्का होतो. टोटचा, म्हणजे क्लबच्या तिकीट खिडकीचा, तसा नसतो. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जातात, कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांत वाटले जातात. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला फळ्यावरचा आकडा हलतो. नव्याने विन आणि प्लेस एवढंच खेळावं. टनाला म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे. दहा घोडे असतील तर ७२० क्रम होतात, तरी त्या खिडकीवर रांग असतेच. जॉकीबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर प्रत्येक जण जन्मतःच तज्ज्ञ असतो.

कराचं मात्र कुणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पैजेवरचा जीएसटी ४० टक्के झालाय, आधी २८ होता. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि हरलेल्या तिकिटांची वजावट मिळत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. ते खरंच, पण एवढी गळती भरून काढण्याइतकं कौशल्य आमच्या पाचांत मिळून नाही. रोजगार म्हणून कुणी बघत असेल तर आमची खतावणी येऊन बघा. वर्षातून एकदा मलकपेठला जातो, एवढंच.

त्या दिवसाची तयारी सांगतो. प्रत्येकाचे पैसे घरीच पाकिटांत, एका रेसला एक. एका रेसचं पाकीट दुसऱ्या रेसला फोडायचं नाही. मधली एखादी रेस कळली नाही तर ते पाकीट बंदच परत आणायचं; अशी पाकिटं माझ्याकडे जास्त असतात आणि त्यावरून मला चिडवतात. पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात तेव्हा जाऊन उभं राहा. मला तिथं फार काही कळत नाही, पण एखादा आधीच घामाने फेसाळलेला, सारखा मान झटकणारा दिसला तर त्याच्यावर काट मारतो. "खात्रीचा घोडा" सांगणारा माणूस प्रत्येक खांबाजवळ एक असतो. चहा पाजा, घोडा घेऊ नका. आणि निकाल अधिकृत होईपर्यंत तिकीट फाडू नका. फोटो बघितला जातो, तक्रार होते, जॉकीचं वजन परत घेतात. आमच्या वकीलसाहेबांनी एकदा फाडलं आणि मग सिमेंटवर बसून तुकडे जुळवले. चार तुकडे मिळाले, पाचवा नाही.

परतीच्या तिकिटाचे आणि बिर्याणीचे पैसे मेडिकलवाल्या भाऊंकडे असतात. ते पाकीट ते स्टेशनवरच काढतात, त्याच्या आधी कुणी कितीही गयावया केली तरी नाही.